‘अभिजात’ म्हणजे ‘जातिवंत’ का?

विचारणा

मोर्शी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुन्या मराठी ग्रंथांवर बैठक होते. गेल्या बैठकीला महानुभाव वाङ्मयाचे एक अभ्यासक आले होते. लीळाचरित्र या जुन्या मराठी गद्यग्रंथावर बोलताना त्यांच्या तोंडी ‘अभिजात’ हा शब्द इतक्यांदा आला, की मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका संत्रा बागायतदार काकांनी मध्येच विचारले, ‘‘सर, अभिजात म्हंजे जातिवंतच नं? बैलाले म्हणतो आपण तसं?’’ बैठकीतले लोक हसले. अभ्यासक हसले नाहीत, पण त्यांची परतीची एस.टी. गाठायची असल्याने उत्तर राहून गेले. या दोन शब्दांत नेमका फरक काय? शिवाय आमच्या एका कपाटावर चिठ्ठी लावायची आहे. तीवर ‘क्लासिक’, ‘अभिजात’ की ‘जुने ग्रंथ’ लिहावे?

उत्तर

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. ‘अभिजात’ आणि ‘जातिवंत’ हे दोन्ही शब्द ‘जन्’ म्हणजे जन्मणे या एकाच धातूपासून निघालेले आहेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात ‘मा शुचः संपदं दैवीमभिजातोऽसि पाण्डव’ असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, तेव्हा ‘दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला’ एवढाच त्याचा अर्थ असतो. चांगल्या कुळात जन्मलेला तो अभिजात, हा अर्थही जुनाच, आणि ‘अभिजन’ हा आज वरच्या वर्गासाठी वापरला जाणारा शब्द त्याचा सख्खा भाऊ. मात्र कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीला ‘अभिजातवाच्’ म्हटले आहे. तेथे कुळापेक्षा बोलण्यातला गोडवा आणि संस्कार अभिप्रेत आहे, म्हणजे हा शब्द तेव्हाच घराण्यावरून वाणीवर सरकू लागला होता.

गंमत अशी की ‘क्लासिक’चे मूळही याहून फारसे वेगळे नाही. रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे वर्ग पाडलेले असत आणि सर्वांत वरच्या वर्गातला तो ‘क्लासिकस’. दुसऱ्या शतकातील औलस गेलियस या लेखकाने हे विशेषण लेखकांना लावले आणि त्याच्या विरुद्ध टोकाला ‘प्रोलेटारियस’, म्हणजे कफल्लक वर्गातला, असा शब्द ठेवला. तेव्हा एका शब्दाचा उगम कुळात आणि दुसऱ्याचा मालमत्तेत आहे. ‘अभिजात’ ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडत असेल, तर ती अगदीच अनाठायी नाही.

आजच्या मराठीत मात्र हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. ‘अभिजात सौजन्य’ यात तो अंगभूत खानदानीपणा सांगतो. ‘अभिजात साहित्य’, ‘अभिजात संगीत’ यांत काळाच्या कसोटीला उतरलेली, पुढच्यांनी जिच्यावरून आपले माप ठरवावे अशी निर्मिती सांगतो. तिसरा अर्थ सरकारी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राचीन ग्रंथ, कोरीव लेख आणि वाङ्मयीन वारसा हे त्या दर्जाचे निकष आहेत. शुद्धलेखन किंवा प्रमाण उच्चार त्यांत कुठेच बसत नाहीत. उलट, अभिजात रूप आजच्या रूपाहून वेगळे असू शकते हे त्या निकषांतच गृहीत धरले आहे.

खरा घोळ याच अर्थाने घातला आहे. एका शाळेच्या भिंतीवर ‘अभिजात मराठीत बोला’ अशी पाटी मी स्वतः वाचली आहे आणि तिच्याच खाली उभ्या असलेल्या मुलाला ‘मले’ म्हटल्याबद्दल बोलणी खाताना पाहिले आहे. तेथे ‘प्रमाण मराठी’ लिहायला हवे होते. ज्या गाथासप्तशतीचा, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील जुन्या गाथासंग्रहाचा, दाखला मराठीच्या प्राचीनतेसाठी दिला जातो, तिच्यात नांगर धरणारे हालिक आणि त्यांच्या घरच्या बाया पानोपानी भेटतात. राजदरबार त्या मानाने क्वचितच येतो.

लीळाचरित्राचेही तेच. तुमच्याच तालुक्यातील ऋद्धिपुरात, इ.स. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून गोळा केल्या, आणि जशा सांगितल्या गेल्या तशा गद्यात उतरवल्या. त्यातले ‘बिढार’ आपण आज ‘बिऱ्हाड’ म्हणतो. पुढे पंथातले पंडित केशिराज संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण त्यामुळे स्वामींचा सामान्य परिवार ‘नागवैल’, असे नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. हे ‘नागवणे’ बारकाईने पाहावे. ‘सावकाराने नागवले’ असे म्हणताना आपण जे म्हणतो तेच आचार्य म्हणत आहेत: जे त्यांच्या हक्काचे, ते लुबाडले जाईल. त्या परिवारातल्या एखाद्या म्हातारीला न कळणाऱ्या भाषेत लिहिणे म्हणजे तिच्या घरावर दरोडा, इतक्या उघड शब्दांत भाषेचा प्रश्न मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

शंका

सर, विवेचन पटले. पण ‘जातिवंत’ राहिलाच. त्यात ‘जात’ आहे म्हणून तो साहित्याला लावू नये, असे काहींचे म्हणणे पडते.

उत्तर

येथील ‘जात’ म्हणजे वाण, प्रकार. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, जात म्हणतो तीच. तरीही ऐकणाऱ्याला दुसरी जात आठवते हे खरे, म्हणून लिहिताना जपून वापरावा. फरक असा, की ‘जातिवंत’ जिवंत वस्तूला लागतो: बैल, बियाणे, आणि माणसात कलावंत किंवा लेखक. ‘अभिजात’ लागतो तो माणसाने घडवलेल्या वस्तूला आणि भाषेला; सौजन्यासारखे जुने प्रयोग सोडून द्या. जातिवंत लेखकाने लिहिलेली कादंबरी अभिजात ठरेलच असे नाही. उलट म्हाइंभटांसारखा माणूस, ज्याला स्वतःचे काही लिहायचेच नव्हते, तो अभिजात ग्रंथ ठेवून जातो.

आणि काकांना कोशाच्या बाजूने नापास करण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून पाहावे, की जातिवंत बैल ओळखावा कसा. मी आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला विचारले होते. तो म्हणाला, ‘‘गोठ्यात सारेच जातिवंत दिसतात. वखराले जुपला का धुऱ्यापर्यंत समजते.’’ धुरा म्हणजे शेताचा बांध. अभिजात ग्रंथही पुन्हा पुन्हा जुंपूनच ठरतो. मूळ व्युत्पत्ती काहीही सांगो.

चिठ्ठीवर ‘अभिजात साहित्य’ लिहावे. ‘क्लासिक’ही आता मराठीच आहे, पण शेजारच्या कपाटावर ‘चरित्रे’ आणि ‘कथा-कादंबऱ्या’ असताना ते एकटे पडेल. ‘जुने ग्रंथ’ मात्र नको, कारण मग त्यात १९७२ सालची पंचांगेही हक्काने बसतील. ती सध्या त्याच कपाटात असतील, तर आधी बाहेर काढावीत.