फुलापानांपलीकडची नक्षी

हाताने केलेल्या कापडाची नक्षी फुलापानांतूनच सुचते, हे मत मला अर्धेच पटते. इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या महेश्वरात विणकरांनी चमेलीच्या फुलाइतकाच किल्ल्याचा दगडही न्याहाळला. चटाई, वीट, हिरा हे साडीचे काठ तिथल्या भिंतींवरील कोरीवकामावरून आले, आणि ‘लहर’ तर घाटाखालच्या नर्मदेचीच. आजीच्या विरलेल्या जांभळ्या महेश्वरी साडीवरची तीच लहर मी ट्रेसिंग कागदावर उतरवून कापडावर छापायच्या सागवानी ठशावर स्वतः कोरली. मात्र ठसा उलटा उमटतो याचे भान न राहिल्याने पहिल्या दुपट्ट्यावर लाटांची टोके विरुद्ध दिशेला वळली. ‘आमची नर्मदा उलटी वाहवलीस की गं!’ असे म्हणत आजीने तो दुपट्टा स्वतःकडेच ठेवून घेतला.