मदत हवी आहे : जाऊबाईंचं जे खुपतं, ते माझ्यातही आहे का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सिडकोत राहते. गेल्या बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारात जाऊबाई मेथीच्या एका जुडीसाठी भाजीवालीला नको ते बोलल्या. मला भयंकर राग आला. घरी पिशवी ओट्यावर ठेवते तोच लेक म्हणाली, "आई, तूही मावशींशी अशीच बोलतेस." मावशी म्हणजे आमच्या धुणंभांडीवाल्या. तेव्हापासून चैन नाही.

इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो, या कल्पनेतून आपली स्वतःविषयीची प्रतिमा घडते, असं समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलं. ते पटतं. पण दुसऱ्याचं खुपणारं प्रत्येक वेळी आपल्यातलंच असतं का? कसं ओळखायचं? आणि मावशींशी आता काय बोलू? अनुभव असेल तर नक्की सांगा.