मदत हवी आहे: चौथा सिंह तोच आहे का?

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या खासगी अभयारण्यातल्या चार नर सिंहांच्या टोळीचा मी दीड वर्षापासून फोटोंवरून माग ठेवतोय. प्रत्यक्ष गेलोय एकदाच, बाकी सगळी लोकांच्या कॅमेऱ्याची कृपा. तिघं चटकन ओळखू येतात, चौथ्यापाशी अडलोय. आधी त्याच्या डाव्या कानाला एकच खाच होती. ताज्या फोटोंत दोन दिसतात, आयाळही बरीच काळवंडलीय. पण मारामारीत खाच नवी पडते, आयाळ वयाबरोबर गडद होते, नाकाचा गुलाबी रंगही काळा पडत जातो. त्यामुळे या खुणांवर माझा फारसा भरवसा नाही.

मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी मात्र आयुष्यभर बदलत नाही. सगळ्यात वरच्या ओळीतले ठिपके खालच्या ओळीच्या तुलनेत नेमके कुठे बसतात, ते बघायचं. पंचाईत अशी की माझ्याकडचे जुने फोटो डाव्या गालाचे, नवे उजव्या. दोन्ही बाजू सारख्या नसतात, मग जुळवू काय, कपाळ?

एकच खाच असतानाचा त्याचा उजव्या गालाचा फोटो कुणाकडे आहे का? तारीख हवीच, जागा ढोबळ चालेल. ठिपके मोजता आले की पुरे, फोटो सुंदर नसला तरी हरकत नाही.