मानसिक आजारांवरील औषधे तालुक्यातच नियमित कशी मिळतील?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, सातपुडा परिसर)
आमच्या पाड्यावरील एका तरुणाला स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो पुन्हा शेतावर जाऊ लागला होता. औषध मोफत आहे. मात्र ते जिल्ह्याच्या ठिकाणी आणि एका वेळी महिन्यापुरतेच मिळते, त्यासाठी त्याच्या आईला मजुरी बुडवून दोन एसटी बदलाव्या लागतात. पावसाळ्यात ‘साठा संपला’ म्हणून ती रिकाम्या हाताने परतली, गोळ्या बंद पडल्या आणि मुलाची झोप उडून त्याला पुन्हा भास होऊ लागले. औषधे तालुक्यात मिळावीत यासाठी कोणाकडे व काय मागावे?

उत्तर (निवृत्त औषधनिर्माण अधिकारी)
मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतील ही औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी आरोग्य संस्थांत सर्वकाळ मोफत उपलब्ध असली पाहिजेत आणि महाराष्ट्रात हे केंद्र म्हणजे आपले ग्रामीण रुग्णालय. त्यामुळे मागणी तेथेच करावी. अडचण अशी की, औषधांची मागणी बहुधा मागील खपावरून ठरते. जेथे औषधच नाही तेथे रुग्ण येत नाहीत, खप शून्य दिसतो आणि पुढील मागणीही शून्यच जाते. यावर माझ्या मते एकच उपाय आहे: तालुक्यातील गरज आकड्यांत मांडून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी. दिवसाला दोन गोळ्या घेणारे दहा रुग्ण असतील, तर महिन्याला सहाशे गोळ्या लागतात, इतके स्पष्ट लिहावे. रुग्णांची नावे मात्र अर्जात घालू नयेत.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ)
या तरुणाच्या गोळ्या सुटल्या असल्याने जुनी मात्रा घरच्यांनी आपल्या मनाने सुरू करू नये. आधी डॉक्टरांशी बोलावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, गोळ्या मात्र दवाखान्यातूनच घ्याव्या लागतात. प्रकृती स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम देण्याची विनंती अवश्य करावी. सर्वच औषधांना हे लागू होत नाही: लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण आणि क्लोझापिन घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी वेळोवेळी तपासाव्या लागतात, म्हणून तालुक्यात औषधासोबत रक्त तपासणीचीही सोय मागावी.

उत्तर (आशा गटप्रवर्तक)
आशांमार्फत गोळ्या घरपोच देण्याची सूचना वारंवार होते. परंतु मानधनाची तरतूद केल्याशिवाय हे काम त्यांच्यावर टाकू नये. शिवाय आशा एकाच घरी दरमहा पाकीट देऊ लागली की पाड्यावर चर्चा सुरू होते, म्हणून रुग्णाला व त्याच्या आईला आधी विचारावे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या ज्या दिवशी वाटल्या जातात, त्याच दिवशी, त्याच खिडकीवर ही औषधे मिळाली, तर कोण कशासाठी रांगेत उभे आहे हे कोणालाच कळत नाही. आपल्या अर्जात ही मागणी जरूर लिहावी.