मदत हवी आहे: जुनी प्रिसिजन लेव्हल, 180 अंशात फिरवली तर बरोबर पण कडेला कलवली की बुडबुडा पळतो

मंडळी, एक जुनी बिडाची मशिनिस्ट लेव्हल (बुडबुड्यावरून मशीनची सपाटी तपासायचं अचूक साधन) हाताशी आलीये, 200 मिमी लांब, तळाला व्ही खाच, वर 0.02 मिमी/मीटर कोरलेलं, म्हणजे मीटरभरात 0.02 मिमीचा चढ असला की बुडबुडा एक घर सरकतो. लेथचा बेड (मशीनचा लांब पाया) लेव्हल करायला वापरायचीये, त्यामुळे नुसती चकाचक करून भागणार नाही, रीडिंगवर भरवसा ठेवता आला पाहिजे.

काय काय झालंय ते आधीच सांगतो म्हणजे तेच सल्ले परत नकोत. गंज वरवरचा होता, रॉकेलने निघाला. तळाला पॉलिश पेपर लावलेला नाही, ऑइलस्टोन सपाट धरून फक्त उठलेले बर (धातूचे टोचरे उंचवटे) काढलेत. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाट्यावर) ब्लू, म्हणजे टेकेल तिथे ठिपका उठवणारा निळा रंग, लावून बघितलं तर दोन्ही टोकांना ठिपके चांगले येतात, मधे कमी, पण डुलत अजिबात नाही. (मधे किंचित पोकळ असलेलं चालतं, फुगवटा असेल तर मात्र घासावंच लागतं, कारण डुलणाऱ्या तळावर फिरवाफिरवीची टेस्ट करून काहीच अर्थ नाही.) मग त्याच जागी 180 अंशात फिरवून जो फरक आला त्याचा निम्मा स्क्रूने काढला, आता दोन्हीकडून सारखंच दिसतं.

गोची पुढे आहे. व्ही खाच गोल टेस्ट बारवर (अचूक घडवलेल्या दांड्यावर) ठेवून लेव्हल जराशी डावी-उजवीकडे कलवली की बुडबुडा एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला सरकतो. म्हणजे काचेची नळी वरून बघितलं तर तळाच्या रेषेला तिरकी बसलीये असं मला वाटतं. नळी ज्यात बसवलीये त्या पितळी ट्यूबच्या एका टोकाचं प्लास्टर ऑफ पॅरिस भुगा झालंय, तिथेच नळी हलली असणार. बुडबुडा रेघांमधे नीट मावतो, म्हणजे आतला द्रव शाबूत आहे, नळी बदलायची गरज दिसत नाही.

तर नळी न फोडता प्लास्टर कसं काढू? आणि परत बसवताना प्लास्टरच वापरू की इपॉक्सी?

प्रतिसाद 1
निदान बरोबर वाटतंय. पण आधी ट्यूबच्या टोकाला आडवे छोटे स्क्रू आहेत का बघा, काही लेव्हलना ही कडेची अॅडजस्टमेंट वेगळी दिलेली असते, रंगाखाली दबलेली सापडते. असेल तर नळीला हातच लावू नका.

प्रतिसाद 2
स्क्रू नसतील तर ट्यूब पाण्यात भिजत ठेवा, मऊ झालेलं प्लास्टर लाकडी काडीने थोडं थोडं कोरा. गरम मात्र अजिबात करू नका, आत अल्कोहोल नाहीतर ईथर असतं, फुगून नळी फुटते आणि वर पेट घेण्याची भीती.

इपॉक्सी नको. हिशोब बघा ना, 2 मिमीच्या एका घराला (दोन रेघांमधल्या अंतराला) 0.02 मिमी/मीटर म्हणजे नळीच्या आतल्या वक्राची त्रिज्या 100 मीटर! 40 मिमी लांबीत मधला भाग टोकांपेक्षा जेमतेम 2 मायक्रॉन वर. इपॉक्सीने काच घट्ट आवळली आणि पितळ तापमानाने कमीजास्त झालं की तेवढा वक्र बिघडायला कितीसा वेळ लागतो. प्लास्टरसुद्धा सुकताना किंचित फुगतं, म्हणून पूर्ण लांबीभर ठासू नका, दोन टोकांना थोडंथोडंच लावा, आणि ते ओलं असतानाच बारवर कलवून नळी सरळ करून घ्या.

धागाकर्ता
आडवे स्क्रू नाहीयेत, रंग खरवडून बघितला. मग प्लास्टरच. ओलं असताना नळी हाताने धरून फिरवली तर चालेल ना?

प्रतिसाद 2
हाताने नको राव, हाताच्या उबेने बुडबुडा त्या बाजूला ओढला जातो आणि तुम्ही चुकीच्या जागी सेट कराल. लाकडी काडीने ढकला, थोडं थांबा, मग वाचा. आणि हो, काढायच्या आधी नळीची वरची बाजू मार्क करून ठेवा, काही नळ्या आतून फक्त वरच्याच बाजूला घासलेल्या असतात.