दीड महिन्याच्या नातीच्या श्वासाला आवाज येतो: थांबावे की दाखवावे?

राजेंद्रनगरची आजी (इंदूर)
नमस्कार. मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. दुसऱ्या आठवड्यापासून नातीच्या श्वासाला बारीक, चिरका आवाज येतो. दूध पिताना आणि उताणी असताना तो वाढतो. विहीणबाई म्हणतात कफ आहे, वेखंड उगाळून द्या. बालरोगतज्ज्ञांनी छाती स्वच्छ असल्याचे सांगून ‘मोठी झाली की जाईल’ म्हटले. थांबावे का?

बडोदेकर बाबा
आमच्या मुलाचे अगदी असेच होते. स्वरयंत्राच्या वरच्या भागातील कूर्चा मऊ असल्याने श्वास घेताना तो भाग आत ओढला जातो; याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात आणि तान्ह्या बाळांतील अशा आवाजाचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे. चार ते आठ महिन्यांपर्यंत आवाज वाढतो, मग ओसरतो आणि बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत जातो. निश्चिंत राहा.

कान-नाक-घसा, ग्वाल्हेर
वरील माहिती बरोबर आहे, ‘निश्चिंत राहा’ एवढे सोडून. न पाहता निदान करणे मला पटत नाही. आवाज फक्त श्वास आत घेताना येतो, की सोडतानाही? रडणे खणखणीत आहे, की घोगरे किंवा क्षीण? मऊ कूर्चेत रडणे सहसा स्वच्छ असते. ते बसलेले असेल तर स्वरतंतूंची हालचाल तपासावी लागते. श्वास सोडताना आवाज येत असेल तर दोष खाली, श्वासनलिकेत असू शकतो. जन्मानंतर घशात नळी घातली होती का, हेही कळवावे. वेखंड मात्र देऊ नका. याचा कफाशी संबंध नाही.

राजेंद्रनगरची आजी (इंदूर)
रडणे खणखणीत आहे. पण दिवस भरण्याआधी जन्मल्याने काही दिवस व्हेंटिलेटरवर होती. आवाज मला तरी दोन्ही वेळी ऐकू येतो.

कान-नाक-घसा, ग्वाल्हेर
मग आता थांबू नये. स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड नावाच्या कूर्चेचे पूर्ण कडे असते, त्यामुळे तिथली सूज बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळातही तिथला व्यास जेमतेम ४ ते ५ मि.मी. असतो, ४ मि.मी.च्या वाटेत सगळीकडून १ मि.मी. सूज आली तर वाटेचा चौथा हिस्साच उरतो. नळीमुळे तिथे व्रण होऊन वाट अरुंद होऊ शकते. रक्तवाहिन्यांची गाठही त्याच जागी वाढते, म्हणून हनुवटीवर किंवा ओठाच्या आसपास लाल चट्टा आहे का, तेही पाहा. त्या गाठीवर प्रोप्रॅनोलॉल हे औषध चांगले लागू पडते.

तान्ह्या बाळांची दुर्बीण-तपासणी करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जाताना उघड्या छातीचा, आवाजासह व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात बाळ नेमके शांत झोपते.

राजेंद्रनगरची आजी (इंदूर)
दुर्बिणीसाठी भूल द्यावी लागेल का? मुलगी त्यालाच घाबरते आहे. आणि पालथे झोपवले तर आवाज कमी होतो, तसे झोपवावे का?

कान-नाक-घसा, ग्वाल्हेर
स्वरयंत्रापर्यंत पाहायला नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालतात. बाळ मांडीवर जागेच असते आणि काम एखाद-दोन मिनिटांचे असते. स्वरतंतूंच्या खाली पाहायचे असेल तर भूल लागते, आणि आपल्या नातीच्या बाबतीत ती वेळ येण्याची शक्यता आहे. झोपवताना उताणेच ठेवा. पालथे फक्त जागेपणी, कुणीतरी समोर असताना. वजन वाढत नसेल तर भेटीची तारीख अलीकडे घ्या. ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, बरगड्यांखाली खोल खळगे पडू लागले किंवा दूध ओढताना दम लागून ती सोडून देऊ लागली, तर तारखेची वाट न पाहता रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयात न्या.