फुप्फुसाचा कर्करोग डोळ्यात पसरला आहे : जनुक तपासणीच्या अहवालासाठी थांबावे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
माझ्या आत्याचे वय 54 असून तिने कधीही तंबाखूला हात लावलेला नाही. मध्यंतरी तिला उजव्या डोळ्याने वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तर दृष्टिपटलामागे पिवळसर गाठ आढळली आणि पुढच्या तपासण्यांत मूळ आजार फुप्फुसात असल्याचे निघाले. बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींपासून होणारा कर्करोग) आला आहे. जनुकांचा अहवाल यायचा आहे. तोवर डोळ्याला रेडिएशन द्यावे का? जनुकातल्या बदलानुसार देतात त्या गोळीचा परिणाम डोळ्यापर्यंत होतो का?

उत्तर 1
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दृष्टिपटलामागच्या रंजितपटलाला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे कर्करोगाच्या पेशी तिथे रुजू शकतात, आणि त्याच रक्तातून औषधही तिथे पोहोचते. ईजीएफआर जनुकात नेहमीचा बदल निघाल्यास ओसिमर्टिनिब, एएलके या जनुकात बदल निघाल्यास अलेक्टिनिब किंवा लोर्लाटिनिब दिले जाते, आणि केवळ गोळ्यांवर डोळ्यातली गाठ आटल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. फ्लॉरा नावाच्या, रुग्णांवर झालेल्या औषध-चाचणीत ओसिमर्टिनिबने निम्म्या रुग्णांचा आजार किमान 18.9 महिने आटोक्यात राहिला, तर त्याच गटातल्या जुन्या गोळ्यांनी 10.2 महिने. मात्र नजर झपाट्याने कमी होत असेल, तर अहवालाची वाट न पाहता रेडिएशनचा निर्णय तज्ज्ञांनी लगेच घ्यायला हवा. एक गोष्ट आग्रहाने सांगतो : अहवाल हाती येण्यापूर्वी घाईने इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणारे औषध) सुरू करू नका, कारण तिच्यामागून ओसिमर्टिनिब दिल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर तोही करून घ्या.

उत्तर 2
माझ्या यजमानांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची पहिली खूण हाताच्या बोटावर दिसली. टोक लाल होऊन ठणकत होते, म्हणून नखुरडे समजून प्रतिजैविके चालू राहिली. एक्स-रेमध्ये हाड खाल्ले गेलेले दिसले तेव्हा कुठे खरे कारण कळले. तपासणीत एएलके जनुकातला बदल निघाल्यावर अलेक्टिनिब सुरू झाले आणि सूज ओसरली. या कॅप्सूल जेवणासोबतच घ्याव्या लागतात, आणि उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

उत्तर 3
बायोप्सीचा नमुना अपुरा पडला तर रक्तावरून जनुक तपासणी करता येते. पण रक्तात काही सापडले नाही म्हणजे बदल नाहीच, असे धरू नये. दुसरे मत घेण्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल, तर अहवालांच्या झेरॉक्सबरोबर बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) आणि स्लाइडही मागून न्या. ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात माफ झाले आहे, त्यामुळे औषध घेताना जुन्या दरावर विसंबू नका, आजचा भाव विचारा.